पेनड्राइव्हवरचं डेबियन १२ वरून १३ वर नेताना ठेवलेल्या नोंदी

७ सप्टेंबर २०२५, रविवार

काल डेबियन (लिनक्सवरची मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) १३.१ आलं आणि त्याच दिवशी जुन्याचं १२.१२ पण आलं, त्यामुळे आजपासून काम सुरू. १३ म्हणजे ट्रिक्सी खरं तर ९ ऑगस्टलाच आलंय, पण पहिला पॉइंट रिलीज (चुका दुरुस्त केलेली छोटी आवृत्ती) येऊ दे मग बघू असं ठरवलं होतं, कारण हा ड्राइव्ह माझ्या रोजच्या कामाचा आहे. वाचनालयातल्या जुन्या मासिकांचं स्कॅनिंग आणि ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर काढणं) याच्यावरच चालतं, तिथल्या मशीनवर बसले की तिथे लावायचा, घरी आले की लॅपटॉपला लावायचा, कुणाच्याही विंडोजला हात न लावता आपलं सगळं आपल्याबरोबर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते म्हणजे कुणाचा वेळ जायला नको. हे लाइव्ह यूएसबी नाही. लाइव्हमध्ये मूळ सिस्टिम एका दाबून बंद केलेल्या, फक्त वाचता येणाऱ्या फाइलमध्ये असते, परसिस्टन्स (बदल जपून ठेवायची सोय) असलं तरी तुमचे बदल वरच्या थरात जातात, त्यामुळे तिथे अपग्रेड करायचं म्हणजे नवीन आयएसओ लिहायची, एवढंच. माझ्याकडे इन्स्टॉलरने नीट टाकलेली पूर्ण सिस्टिम आहे, फक्त डिस्कच्या जागी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह. पार्टिशन असे: पहिलं अगदी छोटं बायोस ग्रबसाठी (ग्रब म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), दुसरं ईएफआय, म्हणजे यूईएफआयच्या ग्रबसाठी, तिसरं रूट, म्हणजे मूळ सिस्टिम, शेवटी स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची जागा. बायोस आणि यूईएफआय म्हणजे मशीन चालू करणारं जुन्या आणि नव्या पद्धतीचं फर्मवेअर. जुन्या बायोसवाल्या मशीनवर पण बूट व्हायला हवं आणि यूईएफआयवर पण, म्हणून दोन्ही ग्रब टाकलेत. सिक्युअर बूट सगळीकडे बंद आहे आणि सही केलेली ग्रब पॅकेजं मी टाकलेली नाहीत.

पेनड्राइव्हवर थेट अपग्रेड करायची हिंमत होत नव्हती. साधा कर्नल अपडेट आला तरी इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी, ड्रायव्हर असलेली फाइल) बनवताना हा ड्राइव्ह मिनिटंच्या मिनिटं घेतो. डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्राम, प्रत्येक पॅकेज उघडताना डिस्कवर खरंच लिहिलं गेलं का याची खात्री करत बसतो आणि छोट्या छोट्या फाइली लिहिण्यात पेनड्राइव्ह फार कच्चा असतो. म्हणून जुन्या लॅपटॉपमधून काढलेली २४० जीबीची साटा एसएसडी होती ती वापरायची ठरवली, यूएसबीची केस घेतली साधारण सातशे रुपयांना. पेनड्राइव्हची जशीच्या तशी कॉपी एसएसडीवर करायची, अपग्रेड कॉपीवर, पेनड्राइव्ह तसाच बाजूला. बॅकअपचा यापेक्षा चांगला प्रकार मला माहीत नाही, कारण हा बॅकअप लावला की लगेच बूट होतो.

कॉपी डीडी या, डिस्क जशीच्या तशी उतरवणाऱ्या कमांडने केली, घरच्या लॅपटॉपवर तिसऱ्याच एका पेनड्राइव्हवरून डेबियन लाइव्ह चालू करून, म्हणजे दोन्हीतलं काहीच वापरात नसेल. ब्लॉक साइज ४ एमबी ठेवा, नाहीतर फार वेळ लागतो. झाल्यावर पार्टेड तक्रार करतं की जीपीटीची (पार्टिशनच्या तक्त्याची) दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला नाही, फिक्स करू का, त्याला हो म्हणायचं. एसएसडी मोठी आहे म्हणून असं होतं, काही बिघडलेलं नसतं.

मग लाइव्ह काढून दोन्ही ड्राइव्ह लावलेले असताना फर्मवेअरच्या मेनूतून एसएसडी निवडून बूट केलं. डेस्कटॉप आला, सगळं छान. पण एलएसबीएलके (ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड) बघितलं तर रूट पेनड्राइव्हवरचं माउंट झालेलं! डीडीने यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचे ओळख नंबर, पण जशाच्या तशा उतरतात. ग्रब, कर्नल, एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची फाइल) सगळे यूयूआयडीवरून शोधतात आणि एकाच नंबरचे दोन सापडले की जो आधी हाताला लागेल तो घेतात. अशा अवस्थेत अपग्रेड सुरू केलं असतं तर ते नेमकं त्या ड्राइव्हवर झालं असतं ज्याला हात लावायचा नव्हता. पेनड्राइव्ह काढून ठेवला, आजचं काम इथेच थांबवलं.

१० सप्टेंबर, बुधवार

दोन्ही कधीच एकत्र लावायचे नाहीत असा नियम करून भागलं असतं, पण काही बिघडलं तर एकावरून दुसरा दुरुस्त करता यायला हवा, म्हणून एसएसडीचे नंबर बदलले. परत लाइव्हवरून. रूट ईएक्सटी४ आहे, त्याला आधी ई२एफएससीके सक्तीने चालवून मग ट्यून२एफएसने नवीन रँडम यूयूआयडी. ईएफआयचं पार्टिशन फॅट असतं, त्याचा नंबर एमटूल्समधल्या एमलेबलने बदलतो. जीपीटीचे स्वतःचे आयडी एसजीडिस्कने.

मग स्वॅप उडवला. तो रूटच्या मागे बसलेला असल्यामुळे रूट वाढवता येत नव्हतं, आणि तसंही यूएसबीवर स्वॅप मला नकोच होता. रूट टोकापर्यंत वाढवलं, रिसाइझ२एफएस केलं. त्यानंतर क्रूटमध्ये (लाइव्हवरून एसएसडीवरच्या सिस्टिमच्या आत) जाऊन एफएसटॅबमधले दोन्ही नंबर बदलले, स्वॅपची ओळ काढली, अपडेट-ग्रब, आणि दोन्ही ग्रब नव्याने बसवले. यूईएफआयचा ग्रब बसवताना रिमूव्हेबल हा पर्याय दिला, म्हणजे तो ईएफआय फोल्डरमधल्या बूट या फोल्डरात जातो. कुठल्याही अनोळखी मशीनला आत काय आहे याची काही नोंद नसते, ते फक्त तिथलीच बूटएक्स६४ नावाची फाइल शोधतं. यूएसबीवरच्या सिस्टिमचा सगळा जीव या एका फाइलमध्ये आहे.

बूट झालं, पण सुरुवातीला अर्धा मिनिट काळी स्क्रीन. शांतपणे बघितलं तर मेसेज येत होता की सस्पेंड-रिझ्यूमच्या डिव्हाइसची वाट बघून सोडून दिलं. म्हणजे उडवलेल्या स्वॅपची आठवण इनिटरॅमएफएसमध्ये अजून शिल्लक. ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये रिझ्यूम नावाची फाइल असते, तिच्यात यूयूआयडीच्या जागी नन लिहिलं आणि इनिटरॅमएफएस परत बनवला. वाट बघणं बंद.

तिथेच बाजूच्या मुख्य कॉन्फ फाइलमध्ये मॉड्यूल्स या ओळीपुढे मोस्ट आहे ना ते पण बघून घ्या. डेप असेल तर ज्या मशीनवर इनिटरॅमएफएस बनला त्याच्यापुरतेच ड्रायव्हर त्यात जातात आणि दुसऱ्या मशीनवर सिस्टिमला स्वतःचंच रूट सापडत नाही. डेबियनमध्ये मुळात मोस्टच असतं, पण जागा वाचवायला लोक बदलतात.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज फक्त तयारी. १२ पूर्ण अपडेट करून १२.१२ वर आणलं, कारण अर्धवट जुन्यावरून उडी मारायची नसते, आणि मधलं एक व्हर्जन गाळून तर नाहीच नाही. कुणाचं ११ असेल तर आधी १२, मग १३. आणि कुणाच्या ड्राइव्हवर ३२ बिटचं असेल तर तिथेच थांबा, १३ मध्ये आय३८६ साठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही नाहीत, तो रस्ता बंद झालाय.

बाहेरच्या रेपो (पॅकेजं मिळायच्या जागा) दोन होत्या, एक स्कॅनरच्या ड्रायव्हरसाठी आणि एक ब्राउझरची, दोन्ही बंद करून ठेवल्या. होल्डवर (अपडेट होऊ नये म्हणून अडवून ठेवलेलं) काही नाही ना ते एपीटी-मार्कने बघितलं, डीपीकेजीचं ऑडिट चालवलं, काही आलं नाही. टाकलेल्या पॅकेजची यादी आणि ईटीसीचं पूर्ण फोल्डर घरच्या हार्डडिस्कवर कॉपी केलं. एपीटी क्लीन करून जागा मोकळी केली.

मग सोर्सेसच्या फाइलमध्ये जिथे जिथे बुकवर्म (१२ चं नाव) तिथे ट्रिक्सी, सिक्युरिटी आणि अपडेट्सच्या ओळीत पण. नॉन-फ्री-फर्मवेअर हा शब्द ओळीत आहे ना ते नक्की बघा, वायफाय आणि ग्राफिक्सची फर्मवेअर पॅकेजं तिथून येतात आणि आपल्याला एका नाही, भेटेल त्या मशीनवर चालायचंय. मी इंटेल, एएमडी, रिअलटेक सगळ्यांची फर्मवेअर ठेवते, जागा जाते ती जाऊ दे.

रात्री फक्त डाउनलोड लावून ठेवलं, डाउनलोड-ओन्ली पर्यायाने. दोन जीबीच्या आसपास होतं. नेट मध्येच गेलं तरी राहिलेलंच परत खेचतो. नेटचा भाग असा वेगळा काढलेला बरा, म्हणजे खऱ्या अपग्रेडच्या वेळी लाईट गेली, राउटर बंद पडला तरी लॅपटॉप बॅटरीवर आपलं काम करत राहतो.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी लॅपटॉप चार्जरला, झाकण मिटलं तरी झोपायचं नाही अशी सेटिंग, आणि डेस्कटॉप बंद करून साध्या टेक्स्ट कन्सोलवर गेले. डेस्कटॉपमध्ये बसून करायला कुणी अडवत नाही, पण मध्येच स्क्रीन लॉक झाली आणि लॉकचंच पॅकेज बदलत असेल तर आत शिरता येत नाही. स्क्रिप्ट नावाची कमांड चालू करून ठेवली, स्क्रीनवर येणारं सगळं ती फाइलमध्ये उतरवते. पुढे तीच फाइल कामाला आली.

दोन पायऱ्यांत करायचं. आधी एपीटी अपग्रेड, नवीन पॅकेज न आणता, मग फुल-अपग्रेड. पहिली पायरी व्यवस्थित गेली. दुसरी सुरू केली, लिबरऑफिस उघडत असताना एकदम सगळं थांबलं. केसवरचा दिवा स्थिर. थोड्या वेळाने स्क्रीनवर यूएएसचे अबॉर्ट आणि यूएसबी रिसेटचे मेसेज सुरू झाले आणि मग रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली. त्यानंतर कुठलीही कमांड दिली तरी इनपुट-आउटपुट एरर.

आता काय करायचं. पॉवर बटण दाबून बंद केलं, पेनड्राइव्ह लावून त्यावरून बूट केलं आणि मग एसएसडी लावली. बुधवारी नंबर बदलून ठेवले नसते तर इथे परत कुठलं रूट माउंट होईल याचा भरवसा नव्हता. फाइलसिस्टिम तपासली, काही अनाथ आयनोड निघाले, ते साफ झाले.

मूळ दोष कुठे आहे ते आधी शोधलं, कारण तसंच पुढे रेटलं असतं तर परत तिथेच आलो असतो. यूएसबी ३ च्या पोर्टवर ही केस यूएएस या वेगवान पद्धतीने बोलते, एका वेळी बऱ्याच मागण्या पाठवते, आणि केसमधली चिप सतत छोटं छोटं लिहिण्याचा ताण आला की अडकते. रोजच्या वापरात कधीच कळलं नसतं, अपग्रेडमध्ये लगेच कळलं. याला उपाय कर्नललाच आहे. एलएसयूएसबीमध्ये केसचा आयडी दिसतो, चार अक्षरं, कोलन, चार अक्षरं. कर्नलच्या ओळीत यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स बरोबर तो आयडी, परत कोलन आणि यू, एवढं लिहिलं की कर्नल त्या केसशी जुन्या, संथ पद्धतीने बोलतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ही ओळ कायमची टाकली. वेग थोडा कमी होतो पण दगा नाही. केस घेतानाच लोकांनी कुठल्या चिपबद्दल तक्रारी केल्यात ते शोधून घेतलं तर हे टळतं. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

क्रूटमधून डीपीकेजीला राहिलेलं सगळं कॉन्फिगर करायला सांगितलं, मग एपीटीला तुटलेलं दुरुस्त करायला. एक पॅकेज अर्धवट उघडलेलं होतं, ते स्क्रिप्टच्या फाइलमुळे नेमकं कळलं, तेवढं परत बसवलं. अपडेट-ग्रब. एसएसडीवरून बूट केलं आणि फुल-अपग्रेड परत चालू.

यानंतर एकदाही अडकलं नाही. मध्ये मध्ये प्रश्न येतात की अमुक फाइल तुम्ही बदललेली आहे, नवीन घेऊ का जुनी ठेवू. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलला जुनीच ठेवा म्हणाले, नाहीतर क्वर्क्सची ओळ गेली असती. संध्याकाळी रीबूट केलं, कर्नल ६.१ वरून ६.१२, एक्सएफसीई ४.२०, लिबरऑफिस ७.४ वरून थेट २५.२. मधला खोळंबा सोडला तर एसएसडीवर निव्वळ अपग्रेडला तासभर पण लागला नसता, खोळंब्याने सगळी दुपार खाल्ली.

१५ सप्टेंबर, सोमवार

दोन गोष्टी आज लक्षात आल्या. मोठ्या पीडीएफ कॉपी करताना सगळा डेस्कटॉप गोठायला लागला, १२ वर असताना हे मी बंद केलं होतं. यूएसबीवर लिहायच्या आधी कर्नल रॅममध्ये भरपूर साठवून ठेवतो आणि मग सगळं एकदम ड्राइव्हवर ओततो, म्हणून व्हीएम डॉट डर्टी-बाइट्सची मर्यादा मी सिसकंट्रोलच्या कॉन्फ फाइलमध्ये कमी केली होती. १३ मध्ये ईटीसीमधली ती एकटी फाइल वाचलीच जात नाही. सिसकंट्रोल.डी फोल्डरमध्ये स्वतःची फाइल करून त्यात त्याच ओळी टाकल्या की परत सुरू. कुठे एरर येत नाही, नुसतं सेटिंग गायब होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

दुसरं म्हणजे पायथन ३.११ जाऊन ३.१३ आलं, त्यामुळे स्कॅनच्या फाइलींना नावं द्यायची माझी स्क्रिप्ट ज्या व्हीईएनव्हीमध्ये (पायथनच्या वेगळ्या फोल्डरात) होती तो निकामी, मॉड्यूल सापडत नाही म्हणतो. दुरुस्त करत बसू नका, फोल्डर उडवा आणि नवीन बनवा, पाच मिनिटांचं काम आहे.

मराठी टायपिंग आयबसवरून होतं ते जसंच्या तसं चालू आहे, इनस्क्रिप्ट लगेच आलं. ओसीआर करणाऱ्या टेसरॅक्टचं मराठीचं पॅकेज पण नवीन झालंय.

२० सप्टेंबर, शनिवार

ड्राइव्ह घेऊन वाचनालयात. दोन मशीन आहेत. एक फार जुनं, फक्त बायोसवालं, ४ जीबी रॅम. दुसरं त्यामानाने नवीन, यूईएफआय. मला भीती जुन्याची होती. ते सरळ चालू झालं. नव्याला लावलं तर काळ्या स्क्रीनवर सिम्बॉल नॉट फाउंड आणि खाली ग्रब रेस्क्यू. परत लावलं, दुसऱ्या पोर्टला लावलं, तेच. ग्रंथपाल काका मागे येऊन उभे राहिले, म्हणाले ताई, आमच्या मशीनला तर काही झालं नाही ना. काही झालं नाही काका, ड्राइव्ह काढला की तुमचं विंडोज आहे तसं आहे, असं सांगितलं, चालू करून पण दाखवलं.

घरच्या लॅपटॉपवर हाच ड्राइव्ह आठवडाभर विनातक्रार चालतोय आणि इथे ग्रबच उभा राहत नाही, याचं कारण समजायला आजचा बराच वेळ गेला. नीट लिहिते, कारण यूएसबीवरच्या अपग्रेडमध्ये सगळ्यात जास्त लोक इथेच अडकणार.

ग्रबचे दोन भाग असतात. एक छोटा गाभा, जो फर्मवेअर चालू करतं, आणि दुसरे मॉड्यूल, जे तो गाभा बूटच्या ग्रब फोल्डरातून उचलतो. दोघांचं व्हर्जन एकच असायला लागतं. अपग्रेडमध्ये ग्रब २.०६ वरून २.१२ झालं. पॅकेजने स्वतःहून ग्रब-इन्स्टॉल चालवलं, मॉड्यूल नवीन आणले आणि नवीन गाभा ईएफआयच्या डेबियन फोल्डरात ठेवला, शिवाय माझ्या लॅपटॉपच्या एनव्हीरॅममध्ये (फर्मवेअरच्या स्वतःच्या मेमरीत) नोंद केली की इथून बूट कर. म्हणून लॅपटॉपवर सगळं नवीन-नवीन जुळलं. पण अनोळखी मशीन जिथे बघतं त्या बूट फोल्डरातला गाभा मी १० तारखेला हाताने ठेवलेला, २.०६ चाच. त्याला पॅकेजने हात लावला नाही. जुना गाभा, नवीन मॉड्यूल, दोघांचं जमेना.

आणि जुनं मशीन का चाललं? कारण बायोसच्या ग्रबसाठी ग्रब-इन्स्टॉल कुणीच चालवलं नाही, त्यामुळे तिथला गाभा पण जुना आणि त्याचे मॉड्यूल पण जुनेच, वेगळ्या फोल्डरात. अपग्रेड झालंच नाही म्हणून ते टिकलं. पॅकेज असं धरून चालतं की ही डिस्क या एकाच मशीनची आहे, या मशीनवर बूट झालं म्हणजे काम झालं. आपला ड्राइव्ह कुठल्याच मशीनचा नसतो, हे त्याला आपणच सांगायला लागतं.

दुरुस्ती घरी येऊन, त्याच लॅपटॉपवरून, लाइव्हची गरज नाही कारण तिथे बूट होतंच. ग्रब-इन्स्टॉल, टार्गेट एक्स८६_६४-ईएफआय, ईएफआय डिरेक्टरी आपली, आणि रिमूव्हेबल. मग बायोससाठी टार्गेट आय३८६-पीसी, आणि इथे डिस्कचं नाव देताना जीव मुठीत धरून द्या. एसडीए, एसडीबी ही नावं मशीनप्रमाणे बदलतात आणि चुकीचं दिलं तर ज्याच्या मशीनवर बसलोय त्याच्या डिस्कचा बूट सेक्टर पुसला जातो. डेव्ह फोल्डरच्या आत डिस्क, त्यात बाय-आयडी, तिथे यूएसबीने सुरू होणारं नाव असतं, तेच वापरा. त्यात गोंधळ होत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

कालचं हाताने केलं, पण ग्रबचा पुढचा सिक्युरिटी अपडेट आला की परत तेच होणार. म्हणून डीपीकेजी-रीकॉन्फिगरने ग्रब-ईएफआय-एएमडी६४ ला प्रश्न परत विचारायला लावले. रिमूव्हेबल मीडियाच्या जागी पण जादाची कॉपी ठेवू का, याला हो. एनव्हीरॅम अपडेट करू का, याला नाही. आता पॅकेज स्वतःच बूट फोल्डरातला गाभा बदलेल आणि दुसऱ्याच्या मशीनमध्ये स्वतःची नोंद टाकणार नाही. हे दोन प्रश्न अपग्रेडच्या आधीच सोडवले असते तर शनिवार वाचला असता, तुम्ही करणार असाल तर १३ तारखेच्या नोंदीतच हे घाला.

बायोसवाल्या ग्रबला अशी सोय या मांडणीत नाही, कारण ग्रब-पीसी आणि ग्रब-ईएफआय ही दोन मुख्य पॅकेजं एकत्र राहत नाहीत, मी फक्त बिन नावाचं पॅकेज ठेवलंय. ते हातानेच चालवायचं. घाई नसते, वर बघितलंच की जुनं असलं तरी ते चालतं.

लॅपटॉपच्या एनव्हीरॅममध्ये पडलेली डेबियनची नोंद ईएफआयबूटएमजीआरने काढली. नंबर दोनदा बघून घ्या, विंडोजची नोंद शेजारीच असते.

ओएस-प्रोबर बंद आहे ना ते पण बघितलं. चालू असेल तर अपडेट-ग्रब ज्या मशीनवर चालेल तिथलं विंडोज आपल्या मेनूत लिहून ठेवतो आणि मग दुसरीकडे गेलं की तिथे नसलेलं विंडोज मेनूत दिसतं. हल्ली मुळातच बंद असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

वाचनालयात नव्या मशीनवर आता व्यवस्थित. पण जुन्या ४ जीबीवाल्यावर ओसीआर मध्येच मरायला लागलं, नो स्पेस लेफ्ट. ड्राइव्हवर शंभर जीबीच्या वर मोकळे असताना जागा नाही म्हणतो म्हणून डीएफ बघितलं. १३ पासून टेम्प फोल्डर रॅममध्ये असतं, जास्तीत जास्त अर्धी रॅम, म्हणजे या मशीनवर जेमतेम २ जीबी. एका दिवाळी अंकाची पानं ६०० डीपीआयने उघडली की ती सहज भरते, आणि भरताना बाकीच्या कामाची रॅम पण खाते. घरच्या लॅपटॉपवर १६ जीबी आहे म्हणून तिथे कळलं नव्हतं.

सिस्टिमडीचं टेम्प माउंट मास्क (बंद) करून जुन्यासारखं करता येतं. मी नाही केलं. यूएसबीवर टेम्प रॅममध्ये असणं आपल्या फायद्याचं आहे, ब्राउझर आणि बाकीचे दिवसभर काहीबाही लिहीत असतात ते ड्राइव्हपर्यंत जातच नाही. फक्त ओसीआरच्या स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल होममधल्या एका फोल्डरकडे वळवलं. ओसीआरमायपीडीएफ ते ऐकतो. सगळा अंक एका दमात झाला, थोडा हळू झाला पण झाला, जोडाक्षरं पण बऱ्यापैकी ओळखली.

४ ऑक्टोबर, शनिवार

एसएसडी आता भरवशाची झाली म्हणून बाजूला ठेवलेला पेनड्राइव्ह पण १३ वर घ्यायला काढला, तो वाचनालयाच्या काउंटरला ठेवायचाय. ज्यांच्याकडे फक्त पेनड्राइव्हच आहे त्यांच्यासाठी ही नोंद.

आधी त्याची पूर्ण इमेज हार्डडिस्कवर. मग तो हलका केला. गिम्प, लिबरऑफिसच्या न लागणाऱ्या भाषा, दोन जुने कर्नल, सगळं काढलं, काउंटरला ब्राउझर आणि एक स्प्रेडशीट पुरते. जेवढी पॅकेजं कमी तेवढं लिहिणं कमी. ग्रबचे ते दोन प्रश्न आधीच सोडवले. डाउनलोड लॅपटॉपवर वेगळं.

फुल-अपग्रेड इटमायडेटा नावाच्या कमांडच्या पुढे लावून चालवलं. डीपीकेजी जी प्रत्येक वेळी खात्री करून घेतो ती ही कमांड दाबून टाकते, त्यामुळे लिहिणं रॅममधून सावकाश, एकगठ्ठा होतं. धोका उघड आहे, मध्येच पॉवर गेली किंवा ड्राइव्ह हलला तर काय लिहिलं गेलं आणि काय नाही याचा पत्ता लागणार नाही. म्हणून हे फक्त इमेज काढलेली असेल तर आणि लॅपटॉपवरच करा, डेस्कटॉपवर नाही. आमच्याकडे साडेआठला लाईट गेली, लॅपटॉप बॅटरीवर होता म्हणून काही झालं नाही. ड्राइव्ह मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, जिथे हाताचा धक्का लागत नाही.

एवढं करून सुद्धा संध्याकाळी लावलेलं मध्यरात्र उलटून गेल्यावर संपलं. सगळ्यात जास्त वेळ शेवटी गेला, इनिटरॅमएफएस बनवताना. तो अडकला असं वाटतं, अडकलेला नसतो, दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. झाल्यावर सिंक द्या आणि ती परत येईपर्यंत थांबा, मग रीबूट. सिंकलाच कितीतरी मिनिटं लागली, म्हणजे तेवढं सगळं अजून रॅममध्येच होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

पेनड्राइव्ह लॅपटॉपवर बूट झाला. सिसकंट्रोलच्या ओळी हलवल्या. सोर्सेसची फाइल एपीटीच्या मॉडर्नाइझ-सोर्सेसने नवीन पद्धतीत नेली, जुनी फाइल तो बॅकअप म्हणून ठेवतो. आता कुठल्याच रेपोत नसलेली पॅकेजं एपीटीच्या लिस्टला टिल्ड आणि ओ देऊन दिसतात, ती यादी वाचून काढून टाकली. न वाचता सगळी उडवू नका, माझ्या यादीत स्कॅनरचा ड्रायव्हर पण होता, कारण त्याची रेपो मी बंद करून ठेवलेली. ती रेपो परत चालू केली, ट्रिक्सीवर ड्रायव्हर चालतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार

दोन्ही ड्राइव्ह वाचनालयातल्या दोन्ही मशीनवर लावून बघितले, चारही वेळा बूट. काउंटरचं जुनं मशीन विंडोज १० वर आहे, त्याचे मोफत अपडेट परवा १४ तारखेला संपतायत आणि ११ त्यावर चढत नाही, त्यामुळे काउंटरचं इंटरनेटचं काम यापुढे पेनड्राइव्हवरूनच करायचं असं काकांशी ठरलं. पुस्तकांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर विंडोजमध्येच आहे, ते नेट काढून तिथेच चालू राहील.

एक अडचण त्यात निघाली. डेबियन वापरून परत विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. विंडोज मशीनच्या घड्याळात इथली वेळ ठेवतं, डेबियन यूटीसी ठेवतं. पुस्तक परत करायच्या तारखा त्या घड्याळावर पडतात म्हणून सोडून देता येत नव्हतं. टाइमडेटसीटीएलने लोकल आरटीसी चालू केलं, दोन्ही ड्राइव्हवर. तो इशारा देतो की हे बरं नाही, पण जिथे मशीन दुसऱ्याचं आहे तिथे त्यांच्या पद्धतीने राहिलेलं बरं, आणि भारतात उन्हाळी वेळेची भानगड नसल्यामुळे त्रास होत नाही.

काउंटरच्या पेनड्राइव्हवर सिक्युरिटी अपडेट आपोआप होणं मुद्दाम बंद ठेवलंय, कारण काम संपलं की कुणीही तो उपसून काढेल आणि त्याच वेळी कर्नल बदलत असेल तर सगळं जाईल. महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी तो घरी आणून अपडेट करणार आणि त्याच दिवशी इमेज काढणार. एसएसडीची बायोसवाली ग्रब आणि केसची क्वर्क्सची ओळ काय आहे ते कागदावर लिहून केसच्या आत चिकटवलंय, बुकवर्मची मूळ इमेज अजून दोन महिने हार्डडिस्कवर ठेवते.